हंसणारा मुकादम

विनोदी प्रसंगाच्या ऐन रंगांत नटालाच हंसूं फुटावें, त्यानें तोंड फिरवावें, ओठ चावावा, अखेर भूमिका खांद्यावरच्या उपरण्यासारखी खालीं टाकून द्यावी, आणि या पराभवाबद्दल प्रेक्षकांनीं त्याला टाळ्यांची बक्षिशी द्यावी, हा प्रकार हल्लीं दूरचित्रवाणीवर इतका नित्याचा झाला आहे कीं, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य अरसिक ठरतो. तो आरोप पत्करूनच आम्ही लिहावयास बसलों आहों.

'सोनी मराठी' वाहिनीवर २०१८ सालीं सुरू झालेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आमच्या घरींही जेवणाच्या वेळीं लागते, आणि आम्ही ती नाक मुरडून पाहतों असें म्हटलें तर घरचींच माणसें आम्हांस खोटें पाडतील. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर या मंडळींचें कसब वादातीत आहे. किंबहुना कसब आहे म्हणूनच ही तक्रार. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं त्यानें भूमिका मोडली काय आणि न मोडली काय, सारखेंच. पण घडतें काय तें पाहा. एखादें पात्र अनपेक्षित शब्द टाकतें, समोरच्याचे ओठ थरथरूं लागतात, आणि कॅमेरा परीक्षकांच्या आसनांकडे वळतो. तेथें तर हंसण्याचा पाऊसच पडत असतो. प्रहसन कोणत्या घरांत, कोणत्या भांडणावर चाललें होतें, हें मग कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. आमच्या घरचीं मुलें हल्लीं कथेची वाट पाहत नाहींत. "आतां हंसेल, आतां हंसेल" म्हणून नटाच्या गालांकडे टक लावून बसतात.

तर मग नटाला हंसूं कधींच फुटूं नये काय? अनावर झालेलें हंसूं हा गुन्हा नव्हे. अमेरिकेंत १९६७ पासून १९७८ पर्यंत चाललेल्या कॅरोल बर्नेट यांच्या कार्यक्रमांतील दंतवैद्याचें प्रहसन (१९६९) लोक आजही शोधून पाहतात. टिम कॉनवे हा नवशिका दंतवैद्य. रोग्याच्या हिरडीस टोचावयाची बधिरतेची सुई तो आपल्याच हातांत आणि मग मांडींत टोचून घेतो, आणि खुर्चीवरचा रोगी हार्वी कॉर्मन हंसूं दाबण्याच्या धडपडीनें गदगदूं लागतो. तें आम्हीही पाहिलें आणि पोट धरून हंसलों. परंतु वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. कॉनवे आपला लुळा पडलेला हात सांभाळीत दंतवैद्यच राहतो, आणि कॉर्मन शेवटपर्यंत झुंजत असतो. सारी मौज त्या झुंजींत आहे. शरणागति आधींच ठरलेली असेल तर लढाई पाहावयास कोण जाईल?

हा रोग नवा नाहीं. शेक्सपिअरचा हॅम्लेट नटांना सूचना देतांना विदूषकांची निराळी झाडाझडती घेतो. लोकांना हंसूं यावें म्हणून आधीं आपणच हंसून दाखविणारे नट त्याही काळीं होते. आणि त्यांच्यापायीं नाटकांतला महत्त्वाचा मुद्दा मध्येंच बाजूस पडतो, ही हॅम्लेटची खरी तक्रार आहे. आम्ही हा प्रवेश वर्गांत अनेक वर्षें शिकवीत आलों. तो मुद्दा बाजूस पडतो म्हणजे नेमकें काय होतें, हें मात्र आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं. तें आमच्या बीड जिल्ह्यांतल्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत कळलें.

आम्ही तेथें परीक्षक होतों. मुलांनीं स्वतः लिहिलेलें प्रहसन, विषय ऊसतोडीचा. आमच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत कारखान्यांवर ऊस तोडावयास जातात. नवराबायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात, आणि हंगामापूर्वीं मुकादमाकडून घेतलेली उचल फेडतां फेडतां पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागते. मुलांनीं नेमका तोच हिशेब रंगविला होता. मुकादम वही उघडतो, सहा महिन्यांच्या मजुरींतून आजारपणाचे खाडे वजा करतो, खाड्यांचा दंड वजा करतो, वजाबाकी चुकली म्हणून तीच पुन्हा करतो, आणि अखेर उचल घेतली होती त्याहून मोठी होऊन बसते. लिखाण चांगलें होतें, फार चांगलें होतें. सभागृह हंसत होतें, परंतु त्या हंसण्याला कांटा होता. मागच्या रांगांतलें हंसणें तर आम्हांस निराळें ऐकूं येत होतें; ज्यांच्या घरीं तशी वही उघडली गेली आहे अशीं मुलें तेथें बसलीं होतीं.

आणि मग मुकादम हंसला. वही तोंडासमोर धरून, खांदे हालवीत, अगदीं दूरचित्रवाणीवर हंसतात तसा. कोयत्यांतली मुलगीही पदरांत तोंड लपवून हंसूं लागली. सभागृह दणाणलें, शिट्ट्या झाल्या. पण त्या क्षणीं मुकादम नाहींसा झाला. उरला तो तिसऱ्या वर्षाच्या वर्गांतला, सर्वांचा लाडका, गोड चेहऱ्याचा मुलगा. त्याच्यावर कोण रागावणार? तो पुन्हा वही उघडून आंकडे वाचूं लागला, तेव्हां त्या आंकड्यांना धार राहिली नव्हती. मागच्या रांगा आतांही हंसत होत्या. मघां त्या मुकादमाला हंसत होत्या, आतां मुकादमाबरोबर हंसत होत्या. या दोन हंसण्यांत जें अंतर आहे, तेंच आमचें सारें म्हणणें.

प्रयोगानंतर त्या मुलास जवळ बोलावून विचारलें. तो निरागसपणें म्हणाला, "सर, तें हंसूं आम्ही तालमींतच बसवलं होतं. तिथं टाळी हमखास पडते."

कोणी म्हणेल, आमच्या तमाशांतला सोंगाड्याही भूमिकेबाहेर येतो. वगांतला राजा बाजूस ठेवून तो गांवच्या पाटलाला चिमटा काढतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्यें दादा कोंडके चालू घडामोडींवर ऐनवेळीं कोट्या करीत. मग त्यांस कां वगळतां? वगळतों, कारण सोंगाड्या भूमिकेबाहेर येतो तो प्रेक्षकांतल्या कोणाला तरी पकडण्यासाठीं. हा हंसणारा नट बाहेर येतो तो स्वतः सुटण्यासाठीं. भरतमुनींनीं हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत, एक स्वतः हंसण्याचा आणि दुसरा इतरांस हंसविण्याचा. (शास्त्री मंडळींनीं या भेदाचे निराळेही अर्थ लावले आहेत, तो वाद येथें नको.) सोंगाड्यानें आपला धंदा दुसऱ्यावर चालविला. हल्लींचें दुकान पहिल्यावर चालूं लागलें आहे.

याच मराठवाड्यांत प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याच्या बळावर वर्षानुवर्षें उभें केलें, आणि त्यांच्यामागें आमच्या माजलगांवचे संदीप पाठक यांनीं तें हातीं घेतलें. एका देहांत पन्नासांवर माणसें नांदवावयाचीं, प्रत्येकाची बोली निराळी, आणि त्यांतल्या एकालाही आपण हास्यास्पद आहों याची खबर नसावी! वऱ्हाड्यांना आपली घालमेल खरी वाटते म्हणून आमची मुरकुंडी वळते. तेथें नटाला क्षणभर हंसूं फुटलें, तर सारें वऱ्हाड जागच्या जागीं विरून जाईल.

त्या स्नेहसंमेलनांत प्रेक्षकपसंतीचें बक्षीस अर्थातच मुकादमाला मिळालें. आम्हीं दिलेले गुण कमी पडले, आणि त्याबद्दल मुलें कांहीं दिवस आमच्याशीं फटकून वागलीं. आतां तेंच प्रहसन घेऊन तीं दुसऱ्या एका स्पर्धेस निघालीं आहेत, आणि तालीम पाहावयास या, म्हणून आम्हांस बोलावणें आलें आहे. आम्हीं एकच अट घातली: वही मिटेपर्यंत मुकादमानें हंसूं नये. मुलांनीं विचार करून सांगतों म्हणून निरोप धाडला आहे.