रोपाआधी माती

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या कारकिर्दीच्या 24 व्या वर्षाचा एक आदेश कोरलेला आहे. येथील भिक्खूंना पूर्वी दान दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून 100 निवर्तने द्यावीत, असा त्याचा आशय आहे. दानपत्र वेगळे आणि पिकणारी जमीन वेगळी, हे त्या काळीही उमगले होते.

आपल्या समाजाने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. याच जिल्ह्याचे सुपुत्र कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. माणसे कुटुंबांसह तुरुंगात गेली. पुढे जी गायराने कसायला मिळाली, त्यांतील पुष्कळशी मुरमाड होती. नुसत्या क्षेत्रफळाने शेती परवडत नाही, भांडवल आणि अवजारेही लागतात, हे बाबासाहेबांनी 1918 च्या आपल्या निबंधात मांडले होते. त्यात मातीची मशागतही आलीच.

आपल्या शाळेच्या आवारात मात्र आपण उलटेच करतो. दरवर्षी पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावतो, छायाचित्रे काढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात काड्या मोजतो. मी स्वतः एकाच जागी तीन वेळा कडुनिंब लावला. तिन्ही वेळा वसतिगृहातील मुलांना बोललो, की तुम्ही पाणी घातले नाही. चौथ्या वेळी कुदळ हाती घेतली, तेव्हा वीतभर खाली निव्वळ मुरूम लागला. मूळ जाणार कुठे? त्या मुलांची मी वर्गात क्षमा मागितली.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की ज्या खड्ड्याला उन्हाळा मिळालेला नाही, त्यात रोप लावू नये. एप्रिलमध्ये दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत आणि महिनाभर तापू द्यावेत. निघालेला मुरूम बाजूला सारून तलावातील गाळ, चांगली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांनी ते भरावेत. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते. भाजीच्या वाफ्यांत या पावसाळ्यात केवळ ताग पेरावा, फुलावर येताच तो जमिनीत गाडावा आणि तो कुजल्यावरच भाजी लावावी. भोजनगृहातील भाजीची देठे-साले आणि आवारातील पालापाचोळा यांसाठी पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीची टाकी बांधावी. 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाकीत शेण थोडेच लागते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

गाळाच्या ट्रॉलीसोबत कोणी छायाचित्र काढून घेत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती, की पुढील स्नेहमेळाव्याला रोपे आणू नका. एखादी ट्रॉली गाळ आणा, शेणखत आणा, नाहीतर एक दिवस कुदळ धरा.

झाड जळाले की मुलाला दोष देण्याआधी माती पाहावी. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाच्या बाबतीतही आपण शिक्षकांनी हेच करायला हवे.

जय भीम.