मामाच्या कार्डावरचं नाव गेलं कुठे?

दोस्तांनो, समजा, मामाने नवा नंबर कळवायला ई-मेलने आपलं कार्ड पाठवलं. तुम्ही ऐटीत ते उघडलं, तर नावाच्या जागी बरोबरची चिन्हं, ई, शून्य, ए, चार... नुसता गोंधळ! पण ‘फाइल बिघडली’ म्हणून लगेच पुसून टाकू नका हं.

हे कार्ड म्हणजे व्हीसीएफ फाइल. आत असतो साधा मजकूर, म्हणून ती नोटपॅडमध्येही उघडते. (अनोळखी माणसाकडून आली असेल, तर आधी आई-बाबांना दाखवा.) ‘टेल’ने सुरू होणारी ओळ शोधा. सापडली? मामाचा नंबर तिथे ठणठणीत आहे!

मग नावालाच काय झालं? या कार्डाची २.१ ही आवृत्ती १९९६ सालची. तिने मुळात साधी इंग्रजी अक्षरंच गृहीत धरलेली. त्यामुळे मराठी अक्षरं सांकेतिक आकडे करून पाठवावी लागतात. यूटीएफ-८ पद्धतीत एकट्या ‘म’ला तीन बाइट, ‘मा’ला सहा! वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे कोडं सुटलं नाही, की तो आकडेच छापून मोकळा होतो. नाव आहे तिथेच, वेष पालटून बसलंय.

मामाला सांगा, कार्ड ३.० आवृत्तीत पुन्हा पाठव. २०११ साली आलेल्या ४.० मध्ये तर यूटीएफ-८ सक्तीचंच आहे, पण काही जुन्या प्रोग्रॅमना ती वाचता येत नाही. तेवढंही जमेना? मग नंबर उतरवून घ्या, नाव स्वतः मराठीत टाइप करा आणि एकदा फोन लावून खात्री करा. पलीकडून मामाच बोलला पाहिजे!