पाहुणे व्हावे की रहिवासी?

वाचकहो, थंडीची चाहूल लागली की एक प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो. निवृत्ती जवळ आलेली असते, मुले नोकरीनिमित्त दूर असतात, रक्तदाबाची गोळी सुरू झालेली असते आणि झोप उडालेली असते. अशा वेळी पती-पत्नी एखाद्या डोंगराकाठच्या लहान गावी चार दिवस जाऊन येतात. कित्येक महिन्यांनी सलग झोप लागते, भूक लागते, गुडघेही कुरकुरत नाहीत. परतीच्या वाटेवरच विचार सुरू होतो, ‘शहरातले घर विकून इथेच येऊन राहिलो तर?’

या प्रश्नाला आम्ही घाईने ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. त्याऐवजी आपणांस गोंदिया जिल्ह्यातील एका गावी नेतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हे ते गाव. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील वाटा बांधांनी अडवून येथे विस्तीर्ण तलाव निर्माण केला. भोवतालच्या सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात आणि तलाव बांधणाऱ्या त्या पुरुषाला ‘कोलासूर देव’ म्हणून पूजतात. १९७५ साली येथील वनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात दूर उत्तरेकडची बदके या पाण्यावर उतरतात. मात्र डोंगर आहेत म्हणून हे थंड हवेचे ठिकाण समजू नये. पूर्व विदर्भाचा उन्हाळा येथेही तितकाच कठोर असतो. पाहुणे बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात. गाव मात्र मे महिनाही काढते.

पाहुण्याला काय मिळते?

पाहुण्याला जे मिळते ते खोटे नसते. रात्री खरा अंधार असला की झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात विनाअडथळा स्रवते. पहाटे तलावाच्या पाळीवर फिरताना डोळ्यांवर पडणारा कोवळा प्रकाश शरीराचे घड्याळ जागेवर आणतो. पायी फिरणे होते, पडद्याकडे पाहणे घटते, जेवण वेळेवर होते. दोन-तीन दिवसांत फरक जाणवतो, यात नवल नाही.

पण या सुखात गावाचा वाटा किती आणि सुटीचा किती, हे दोन-तीन दिवसांत कळत नाही. पाहुण्याला पाणी भरावे लागत नाही, छप्पर शाकारावे लागत नाही, वीज गेली तर चिंता नसते. त्याच्या विश्रांतीमागे दुसऱ्या कुणाचे तरी श्रम उभे असतात. तेथे राहावयास जाणाऱ्याला त्या श्रमांतला आपला वाटा उचलावा लागतो.

रात्रभर जागणारा मुलूख

या भागाची आणखी एक ओळख पाहुण्याने अवश्य अनुभवावी. ती म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या व वनाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात. धान कापून झालेले असते, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि रात्री नाटकाचा पडदा उघडतो. दंडार, खडी गंमत अशा जुन्या लोकप्रकारांच्या मातीत ही रंगभूमी रुजली. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे आज तिच्या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र आहे. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

येथील नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. हजारोंचा समुदाय उघड्यावर, थंडीत बसून हसतो आणि डोळे पुसतो. एकटेपणावर इतके प्रभावी औषध क्वचितच सापडेल. तथापि मधुमेही व हृदयविकाराच्या वाचकांनी काही पथ्ये पाळावीत. रात्रीचे जेवण आणि औषध नेहमीच्या वेळीच घ्यावे. नाटकाच्या भरात गोळी राहून जाते आणि चहा मात्र चार वेळा होतो. कानटोपी व पांघरूण जवळ ठेवावे, सोबत थोडे खाणे असावे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वाहन चालवू नये. आणखी एक विनंती. शेजारचा प्रेक्षक आपुलकीने खर्रा पुढे करील, तो नम्रपणे नाकारावा. सुपारी आणि तंबाखूच्या या मिश्रणाने पूर्व विदर्भात तोंडाच्या कर्करोगाला मोठे दार उघडून दिले आहे.

रहिवासी कसे व्हावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला राहिले आणि त्या वास्तव्यातून ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक मराठीला मिळाले. त्यांच्या लेखनात एक गोष्ट वारंवार जाणवते. त्यांनी हे रान केवळ डोळ्यांनी पाहिले नाही. ढीवर, गोंड आणि जुने जाणते गावकरी यांच्याकडून ते ऐकून घेतले. पाखरांची स्थानिक नावे विचारली, ती वहीत उतरविली. शिकविण्याच्या आविर्भावात आलेला माणूस गावात परकाच राहतो, शिकण्यासाठी आलेला मात्र लवकर आपला होतो.

दुसरे उदाहरण याच तालुक्यात आहे. प्रतापगडाच्या परिसरात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. जगातील सर्वांत उंच व थंड पठारावरची ही माणसे विदर्भाच्या उन्हात येऊन राहिली. हवा त्यांना अनुकूल नव्हती, भाषा निराळी होती, पिकेही निराळी होती. तरीही ती टिकली, कारण ती समूहाने आली. प्रार्थना, सण आणि एकमेकांची विचारपूस त्यांनी सोबत आणली. आरोग्यदायी हवेच्या शोधात निघालेल्या आपण सर्वांनी हे ध्यानी घ्यावे. परक्या हवेत माणूस तग धरतो. विचारपूस करणारे कुणी नसेल, तर उत्तम हवेतही तो खंगतो. शहरातून निघताना आपण शेजारी, भाजीवाला, फिरावयास येणारे मित्र आणि वर्षानुवर्षांचे डॉक्टर यांनाही मागे सोडतो, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

म्हणून घर विकण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे.

तेथे भाड्याने राहून एक मे आणि एक श्रावण काढावा. हिवाळ्यातील अनुभवावरून निर्णय घेऊ नये.

रुग्णालयाचे अंतर मिनिटांत मोजावे. नवेगावबांधहून गोंदिया साठ-पासष्ट किलोमीटर आहे. छातीत दुखू लागल्यास जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, रात्री तेथे कोण असते आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यावयास किती वेळ लागतो, हे आधीच विचारून ठेवावे. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी किंवा डायलिसिस चालू असलेल्यांनी येथे पाहुणा म्हणूनच यावे, हे स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

बारा महिने मच्छरदाणीत झोपावे आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. हिवतापापासून रक्षण होते, तसेच रात्री घरात शिरणाऱ्या मण्यारीपासूनही. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. साप चावल्यास जखम चिरू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते.

आणि शेवटी, गावात आपणांस नेमून दिलेले एक काम असावे. शाळेतील मुलांना गणित शिकवावे, वाचनालय सांभाळावे, मंडईच्या नाटकाच्या हिशेबाची वही लिहावी. काम लहान असले तरी चालेल; मात्र ते असे असावे की एक दिवस आपण दिसलो नाही, तर कुणीतरी दारावर येऊन हाक मारील.

ती हाक येऊ लागली की आपण रहिवासी झालो, असे समजावे. तोवर पाहुणे म्हणून जात राहावे, त्यात कमीपणा नाही. येत्या मंडईला एक रात्र नाटकासाठी आणि एक पहाट तलावासाठी राखून ठेवा. जाताना औषधांची डबी आणि कोरी वही, दोन्ही विसरू नका.