नागिणीची पुंगी आणि परकेपणाचा दाखला

मिरवणुकीतील इलेक्ट्रॉनिक संगीताला ‘परकी संस्कृती’ ठरवणाऱ्यांसाठी हा धागा. लांब आहे, आणि त्यात चादरीपासून बर्लिनपर्यंत बरेच काही आहे.

सोलापुरात गणेशोत्सव, आंबेडकर जयंती किंवा लग्नसराई जवळ आली की समाजमाध्यमांवर एक विधान हमखास फिरू लागते. आपले संगीत म्हणजे हलगी, संबळ, सनई आणि लेझमीचा ठेका. यंत्रातून निघणारे ते आपले नव्हे. विधान करणारा तरुण बहुधा इतिहासाचा भोक्ता असतो, गडकिल्ले पाहिलेला असतो, दोन-चार बखरींची नावे त्याला तोंडपाठ असतात. आणि त्याच्याच थोरल्या भावाच्या वरातीत एक जण रुमालाचे टोक दातांत धरून जमिनीवर लोळत असतो, दुसरा त्याच्यासमोर पुंगी वाजवण्याचा अभिनय करत असतो. त्या वेळी वाजणारे सूर कोणालाही परके वाटत नाहीत. ते तर गारुड्याचे, गावच्या वेशीवरचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे!

ते सूर १९५४ चे आहेत आणि ते यंत्राचे आहेत.

‘नागिन’ हा चित्रपट १९५४ मध्ये आला. संगीत हेमंतकुमारांचे. त्यातील जी पुंगी ऐकून आजही वराती थांबतात, तिच्यात ना भोपळा होता ना कोणाची फुंकर. ते वाद्य होते क्लॅव्हिओलिन. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास ते तयार केले. आखूड पट्टीचे, एका वेळी एकच सूर देणारे हे वाद्य. नळी म्हणावी तर त्यात निर्वात नळी होती, जुन्या रेडिओत असे तीच. तिच्यातून निघालेला विद्युत्‌ कंप ध्वनिवर्धकावाटे ऐकू येई. ते वाजवले कल्याणजी वीरजी शाह यांनी, आणि जोडीला हार्मोनियम होती रवी यांच्या हाती.

इंग्लंडमधील टॉर्नेडोज या वाद्यवृंदाची ‘टेलस्टार’ ही रचना इलेक्ट्रॉनिक सुरावटीच्या लोकप्रियतेचा आरंभ म्हणून जगभर सांगितली जाते. तिच्यातही क्लॅव्हिओलिनच आहे, पण ती १९६२ ची. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत हे वाद्य लक्षावधी लोकांच्या कानांपर्यंत पोहोचले, त्याला तेव्हा आठ वर्षे उलटून गेली होती. ज्या समाजाने हे सूर इतके आपलेसे केले की त्यांचा उगमच विसरून गेला, त्याच समाजाने सत्तर वर्षांनी ‘इलेक्ट्रॉनिक म्हणजे परके’ असा दाखला द्यावा, हा विनोद आहे.

वाद्याला असा दाखला देण्याची ही पहिली वेळ नव्हे. हार्मोनियमचे प्रकरण आठवावे. अलेक्झांडर देबँ यांनी १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तिचे एकस्व घेतले. पायाने भाता चालवायची ती परदेशी पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने वाजवता येईल अशी केली आणि ती मांडी घालून बसणाऱ्या गवयासमोर आली. मग १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तिचे सूर ठरावीक, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ती आपली नाही, असे आक्षेप होते. संगीतशास्त्राच्या बाजूने पाहता त्यांत तथ्यही होते. तरी ही बंदी तीस वर्षे टिकली आणि त्याच तीस वर्षांत गोविंदराव टेंब्यांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात पेटीशिवाय नाटक उभे राहत नव्हते, की भजन रंगत नव्हते. आज पेटी नसलेले भजनी मंडळ शोधून दाखवावे. ज्यांना पेटी परंपरा वाटते आणि सिंथेसायझर आक्रमण वाटते, त्यांनी या दोहोंतील फरक तत्त्वाचा आहे की केवळ वयाचा, हे स्वतःशी ठरवावे. शास्त्रीय मैफलीत गवयाच्या मागे वाजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक तानपुरा तर कोणी मोजतही नाही.

हा वाद सोलापुरात व्हावा, हे तर विशेषच. या शहराची ओळख ज्या चादरीने झाली, भौगोलिक मानांकन घेऊन जी जगभर गेली, ती जॅकार्डवर विणली जाते. जोसेफ मारी जॅकार्ड यांचे हे तंत्र १८०४ चे, फ्रान्समधील लियाँ शहराचे. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. पट्टीमागून पट्टी सरकते आणि नक्षी उमटत जाते. विणकराने नक्षी आधी लिहून ठेवलेली असते, यंत्र ती पुनःपुन्हा वाचते.

आता रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे १९८० चे तालयंत्र डोळ्यांसमोर आणावे. त्याच्या पुढच्या कडेला सोळा बटणे ओळीने असतात. दिवा लागलेला असेल तेथे ठोका, नसेल तेथे विराम. सोळा घरे संपली की पुन्हा पहिले घर. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराला हे यंत्र समजावून सांगायला पाच मिनिटेही लागू नयेत. हे विणकरही मूळचे तेलुगू मुलखातून आलेले, माग फ्रेंच कल्पनेवर चाललेला, धागा गिरणीचा. आणि चादर मात्र अस्सल सोलापुरी! ती अस्सल आहेच. तिचे अस्सलपण तिच्यावर राबलेल्या हातांतून आले, यंत्राच्या जन्मगावावरून ते ठरले नाही. हा न्याय चादरीला लागू होत असेल, तर तालाला का नाही?

करमाळ्याच्या मातीत चित्रित झालेल्या ‘सैराट’चीही तीच गोष्ट. अजय-अतुल यांनी त्याचे संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत, तेथील सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. २०१६ पासून सोलापूर जिल्ह्यातील एकही वरात त्या चित्रपटावाचून निघालेली नसेल. व्हायोलिनचा तो ताफा कोणी परका म्हटला नाही.

येथवर एका बाजूची झाडाझडती झाली. दुसऱ्या बाजूचेही लाड करण्याचे कारण नाही.

गेली काही वर्षे इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांमध्ये एक अभिमानाचे पिल्लू सोडलेले आहे : ‘ॲसिड हाऊस’ हा संगीतप्रकार शिकागोत नव्हे, मुंबईत जन्मला. पुरावा म्हणून चरणजितसिंग यांचे नाव पुढे केले जाते. वस्तुस्थिती अशी. चरणजितसिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन यंत्रे घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने काढलेल्या त्या तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. टीबी-३०३ हे खरे तर एकट्या गिटारवादकाला साथ देण्यासाठी बनवलेले खर्जयंत्र. ते बाजारात साफ पडले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण त्याला एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येत असे. हार्मोनियमला जी मींड साधली नाही, ती या पडेल यंत्राला साधत होती. सिंगांच्या कसबी कानाने ते बरोबर हेरले.

शिकागोच्या फ्यूचर या चमूची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आली, त्याच टीबी-३०३ वर. दोन्ही ऐकताना साम्य थक्क करते. पण साम्य म्हणजे उगम नव्हे, हे इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागू नये. सिंगांची तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. ती शिकागोपर्यंत पोहोचल्याचा आणि तेथील कोणी ती ऐकल्याचा पुरावा नाही. एडो बाउमान या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगाला कळली. ‘आपण आधी केले’ या आरोळीत सिंगांचे खरे कर्तृत्व मात्र बुडून जाते. एकाच यंत्रातून दोन माणसांनी, पाच वर्षांच्या आणि अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, एकमेकांस न जाणता काय काढले, ही हकीकत उगमाच्या फुशारकीपेक्षा कितीतरी मोठी आहे. पुष्पक विमानाच्या रांगेत टीबी-३०३ नेऊन बसवण्याची गरज नाही.

चाहत्यांनी कसे असावे, याचा एक नमुना जर्मनीचा. बर्लिनमध्ये १९६७ मध्ये एडगर फ्रोझे यांनी टँजरिन ड्रीम हा वाद्यवृंद उभा केला. १९७४ च्या ‘फेड्रा’पासून यंत्राने आखलेल्या आवर्तनांचे संगीत त्यांनी रुळवले. पुढे ‘सॉर्सरर’ आणि ‘थीफ’ यांसारख्या अमेरिकी चित्रपटांना संगीत दिले. फ्रोझे जानेवारी २०१५ मध्ये व्हिएन्नात वारले. मुलाने जाहीर केले की वडील गेले, वाद्यवृंदही गेला. बाकीच्यांना ते मान्य नव्हते. थॉर्स्टन क्वेश्निंग यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद चालूच राहिला, आणि २०१७ मध्ये ‘क्वांटम गेट’ व २०२२ मध्ये ‘राउम’ हे संग्रह आले. संस्थापकच नसलेला वाद्यवृंद तोच म्हणावा का, चित्रपटासाठी रचलेले संगीत मुख्य कामात धरावे की पोटापाण्याच्या खात्यात टाकावे, यावर त्यांचे चाहते अजून कडाकडा भांडतात. पण भांडताना प्रत्येकाला ठाऊक असते की कोणत्या वर्षी, कोणत्या रचनेत, कोणते यंत्र कोणाच्या हाती होते. भांडणाला नोंदींचा पाया आहे.

चरणजितसिंगही त्याच वर्षी, जुलै २०१५ मध्ये, मुंबईत गेले. त्यांनी चित्रपटांसाठी कोठे कोठे काय वाजवले, याची तशी यादी कोणापाशी आहे?

येथे खरी जखम आहे. त्या काळच्या तबकडीवर गायक, संगीतकार आणि चित्रपट यांची नावे असत; वादकांची नसत. ‘नागिन’च्या पुंगीमागची दोन नावे आज ठाऊक आहेत, याचे कारण कल्याणजी आणि रवी दोघेही पुढे स्वतः नामवंत संगीतकार झाले, हे आहे. ते वादकच राहिले असते तर? केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकाने सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुजवला, आणि त्यांचे नाव आजही मोजक्या जाणकारांच्या पलीकडे गेलेले नाही. नव्वदच्या दशकात संगणक आणि कीबोर्ड यांनी मोठे वाद्यवृंद मोडीत काढले, शेकडो वादकांचे काम गेले. यंत्राने नुकसान केले असेल तर ते असे, रोजगाराचे. संस्कृतीच्या नावाने गळा काढणाऱ्यांच्या यादीत हा मुद्दा सहसा नसतो.

आता आवाजाविषयी, कारण ते टाळून हा विषय संपत नाही. स्पीकरच्या भिंतींना सोलापुरात ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतील नको असलेली खरखर कमी करण्यासाठी! गोंगाट घालवणाऱ्याचे नाव गोंगाटालाच चिकटले. त्या भिंतींविरुद्धची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. लहान मुले, म्हातारी माणसे, हृदयविकाराचे रुग्ण यांच्यासाठी हा नियम काटेकोर पाळला गेलाच पाहिजे. पण हा प्रश्न डेसिबलचा आहे. शंभर ढोलांचे पथकही ही मर्यादा सहज ओलांडते. तक्रारीत ‘परकी संस्कृती’ घुसडली की नियम मोजणीवर न चालता आवडीनिवडीवर चालू लागतो. ढोलाला सूट मिळते, डॉल्बीवर खटला होतो, आणि झोपमोड झालेला रुग्ण तसाच राहतो.

आणि हलगीच्या गोडव्याविषयी एक कडू शब्द. हलगी वाजवणे हे गावगाड्यात कोणाच्या हौसेचे काम नव्हते. ते मातंगांसारख्या ठरावीक जातींवर लादलेले होते. लग्न दुसऱ्याचे, जत्रा दुसऱ्याची, वाजवणारा मांडवाबाहेर. ते काम नाकारणे हा आत्मसन्मानाच्या लढ्याचा भाग होता. त्या घरातल्या नातवाने जयंतीला हलगी न घेता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेतला, तर ‘परंपरा बुडाली’ म्हणून रडण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे रडणाऱ्याने आधी तपासावे. त्याच नातवाने आपखुशीने हलगी घेतली तर तोही त्याचाच निर्णय.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड टुडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीने मूग यंत्राचा स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई आदींनी १९७२ पर्यंत तेथे जे केले, त्याच्या फिती संस्थेच्या संग्रहात दशकानुदशके पडून होत्या. पॉल परगस या ब्रिटिश संशोधकाने त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रकाशित झाल्या. संस्था होती, म्हणून फिती उरल्या.

गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत आणि बँडपथकांत ज्यांनी पहिला कॅसिओ आणला, त्यांच्यामागे अशी कोणती संस्था नाही. त्यांपैकी पुष्कळ जण आज साठी-सत्तरीत आहेत. सोलापूरच्या तरुण इतिहासप्रेमींनी गडाच्या पायऱ्या मोजून झाल्या असतील तर एक रविवार यांच्याकडे जावे. वाद्य कोठून आणले, कर्ज कोणाचे काढले, शिकवले कोणी, एका रात्रीची बिदागी किती, नागिनीची धून पहिल्यांदा कोणत्या वरातीत वाजवली, हे नाव-गाव-सालासह लिहून घ्यावे. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यांची प्रत आधी करावी; फितीवरचा थर दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटत असतो.