नव्या लाकडाला जुनेपण

मैत्रिणींनो, जुनाट दिसणारी लाकडी फळी किंवा खुंटाळे दुकानात घ्यायला गेलात, तर चांगलीच किंमत मोजावी लागते. तो रंग घरीही आणता येतो, बरं का!

पाव लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये धुतलेले स्टील वूल दोन दिवस बुडवून ठेवा. स्टेनलेसची घासणी चालणार नाही. आत वायू तयार होतो, म्हणून बरणीचे झाकण सैलच असू द्या आणि ती गॅसपासून व मुलांपासून दूर ठेवा. नंतर गाळून घ्या. आंब्याच्या कोऱ्या फळीला पॉलिशकागद मारा, कडक कोरा चहा लावून वाळवा आणि वरून हे पाणी फिरवा. चहातल्या टॅनिनशी लोह मिळाले, की लाकूड करडे-काळे होऊ लागते. आधी मागच्या बाजूला करून पाहा. वाळल्यावर मेणाचे पॉलिश करा. पोळपाट-काठवटीला मात्र हे लावू नका हं.

आणि माळ्यावरचा आजेसासूबाईंचा पाट? त्याला यातले काही नको, कोरडे फडके पुरे. तो भंगारात घालून जुन्यासारखी दिसणारी फळी विकत आणायची, हा कुठला हिशेब? पिढ्यान्‌पिढ्या माणसे जेवायला बसून आलेली झिलई काही बरणीतून निघत नाही!