माजघरांतील एक तास

"आतां या वयांत शिकून काय करावयाचें आहे?" हा प्रश्न आपल्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतून किती वेळां विचारला जातो, याचा हिशेब कोणीं ठेविला असता तर तो पाहून आपणांस लाज वाटली असती. विशेष हें कीं, हा प्रश्न बहुधा घरांतील स्त्रियांसच विचारला जातो. पुरुषानें चाळिशींत कचेरीची एखादी परीक्षा द्यावयाचें ठरविलें, तर त्याच्या खोलीचें दार लोटून घेऊन मुलांस गप्प बसविण्यांत येतें.

आमच्या घरींही हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि तो विचारणारा मीच होतों, हें प्रथमच सांगून टाकतों. आमच्या थोरल्या वहिनी बारावीची परीक्षा झाली त्याच उन्हाळ्यांत लग्न होऊन आमच्याकडे आल्या. पुढें मुलें हाताशीं आल्यावर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणविला. रात्रीं जेवणें चाललीं असतां त्यांनीं ती गोष्ट काढली. मी सहज म्हणालों, "वहिनी, पदवी मिळाल्यावर पोळ्या अधिक गोल होणार आहेत काय?" सारे हंसले; वहिनीही हंसल्या. गेल्या महिन्यांत फडताळ झाडतांना तो अर्ज सांपडला. सारे रकाने सुरेख अक्षरांत भरलेले होते. सहीची जागा तेवढी कोरी होती. त्या गोष्टीस आतां अकरा वर्षें झालीं.

शिकण्याचें वय उलटतें, ही समजूतच मुळीं खोटी आहे. पार्वतीबाई आठवले यांचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. विसाव्या वर्षीं वैधव्य आलें, पदरीं मूल. अशा स्थितींत त्या पुण्यास येऊन शिकल्या आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठीं झिजल्या. एवढ्यावर न थांबता १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्या इंग्रजी शिकण्यासाठीं व संस्थेकरितां निधि जमविण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. परक्यांच्या घरीं कामें करून त्यांनीं तेथें दिवस काढले. त्यांच्या पाठीशीं कोणतें सरकारी धोरण नव्हतें.

आज तें आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत प्रौढशिक्षण व आजन्म शिक्षण यांस एक स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. त्यास अनुसरून केंद्र सरकारनें २०२२ ते २०२७ या पांच वर्षांसाठीं 'उल्लास' या नांवाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आंखला. पंधरा वर्षांवरील पांच कोटि निरक्षरांस शिकविण्याचा त्याचा संकल्प असून त्यासाठीं १,०३७.९० कोटि रुपयांची तरतूद करण्यांत आली. अक्षरओळख व आंकडेमोड यांखेरीज व्यवहारज्ञान, व्यवसायकौशल्य आणि निरंतर शिक्षण हींही त्यांत धरलेलीं आहेत. शाळा सुटलेल्यास दहावीला बाहेरून बसण्यासाठीं सतरा नंबरचा अर्ज आहे. पदवीसाठीं १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. शिवाय २०२१च्या नियमांनीं श्रेयांकांची एक पेढी निघाली असून तींत मिळविलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहूं शकतात. म्हणजे बाळंतपण, बदली वा आजारपण यांमुळें अभ्यासांत खंड पडला, तरी केलेले श्रम वायां जात नाहींत.

मग अर्ज फडताळांत कां राहतात? २००९च्या कायद्यानें मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांस. वय वाढलेल्यांच्या वांट्यास हक्क नाहीं, सवलती आल्या. आणि सवलत ही ज्याच्यापाशीं वेळ आहे त्यासच पावते. सरकार पुस्तक देईल, परीक्षा घेईल. परंतु रात्रींचा साडेआठ ते साडेनऊ हा तास सरकारच्या खजिन्यांत नाहीं. तो आपल्या माजघरांत आहे, आणि त्यावर आपण सर्वांनीं मिळून कब्जा केलेला आहे.

एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथेंच दिसावयास हवा. जेथें दोनच माणसें आहेत तेथें एकास सवड मिळणें कठीण. दहा माणसांच्या घरांत एकीस तासभर मोकळें करणें मुळींच अवघड नाहीं. तसेंच, 'उल्लास'चें सारें काम बिनवेतनी स्वयंसेवकांवर उभें आहे. आपल्याकडे भांडीं घासण्यास येणाऱ्या बाईंना वाचतां येत नसेल, तर निवृत्त आजोबांनीं वर्तमानपत्राच्या दोन तासांतील अर्धा तास त्यांस द्यावा. मात्र तो अर्धा तास त्यांच्या पगारी वेळांतलाच असावा; दहा घरचीं कामें उरकल्यावर, थकल्या अंगानें येऊन शिकावें, असें सांगणें हा उपकार नव्हे.

तो जुना अर्ज घेऊन मी वहिनींकडे गेलों. माझी चूक कबूल केली आणि म्हटलें, "वहिनी, आतां तरी नांव घाला. वयाची अट नाहीं." त्यांनीं कागद हातीं घेतला, सहीच्या कोऱ्या जागेकडे क्षणभर पाहिलें आणि म्हणाल्या, "भावजी, अर्जाचें मग पाहूं. रात्रींचीं उष्टीं कोण काढणार, तें आधीं सांगा."

उत्तर देण्यास मला थोडा वेळ लागला, हें कबूल करतों. गेल्या पंधरवड्यापासून रात्रींची आवराआवर आम्ही दोघे भाऊ करतों. नवा अर्ज पुतणीनें संगणकावर भरून दिला आहे. सही मात्र वहिनींनीं स्वतः केली.