आजोबांचा रेडिओ आणि माझं थिनर

तुमच्याही गावच्या घरी असेल बघा एखादा. माजघरातल्या कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. आमच्या रत्नागिरीच्या घरातला रेडिओ आजोबांनी घेतला तेव्हा त्याचं लायसन्स काढावं लागायचं आणि दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरावी लागायची. (१९८०च्या दशकात ही भानगड एकदाची बंद झाली.) आता तो वाजत नाही. पण दिसायला झकास, आणि ‘रेट्रो’ची तर चलती आहे! म्हटलं, गणपतीत चार दिवस घरी आहोत, पॉलिश करून पुण्याच्या फ्लॅटवरच नेऊया.

वरच्या बाजूला दोन लांब ओरखडे होते. आता मी पडले हुशार. थिनरची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि घासायला लागले. बोळा तपकिरी झाला. मळ निघतोय म्हणून मी खूश! आणखी दोनदा घासलं तर लाकडाच्या रेषाच गायब. खाली उरला फिकट, कोरा पट्टा. ते सागवान नव्हतंच हो, सागवानाचं चित्र होतं.

‘अगो, हे काय केलंस?’ आजी एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

गल्लीतल्या सुतारकाकांनी आधी कपाळाला हात लावला, मग समजावलं. चांगलं लाकूड महाग, म्हणून साध्या लाकडावर किंवा प्लायवर रेषा छापायच्या आणि वरून लॅकरचा हात द्यायचा. ही शक्कल काही आपलीच नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात फिल्कोसारख्या बड्या कंपन्यांच्या रेडिओंवरही असं छापील लाकूड असायचं. कधी कधी बाकी सगळं खऱ्या विनियरचं आणि एखादीच पट्टी छापील. ओळखायचं कसं? ओरखड्याच्या आत डोकवा. खाली रेषा नसतील, सपाट कोरा रंग असेल, तर ते चित्र. मग पॉलिश पेपर लांब ठेवा. फोटो घासून कधी उजळतो का?

कुठलंही औषध लावायचं ते आधी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात. स्पिरिट लावल्यावर जागा चिकट झाली तर वर चपड्याचं पॉलिश आहे. स्पिरिटला दाद दिली नाही आणि थिनरने विरघळलं तर लॅकर. बोळ्याला रंग आला की तिथेच थांबायचं. (मी थांबले नव्हते.)

आमचं निघालं लॅकर. ‘आता हात लावू नकोस, दिवाळीत ये,’ काका म्हणाले. पावसाळी हवेत चपडा मारला की ओल धरून पांढरट पडतो, आणि कोकणातल्या सप्टेंबरची हवा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे दोन महिने आजी त्या टकलाकडे बघत बसणार. पुण्यात ऑफिसमध्ये बसून मला तेच आठवायचं.

दिवाळीत काकांनी ब्रश माझ्याच हातात दिला. स्पिरिटमध्ये विरघळवलेला पातळ चपडा, त्यात चिमूटभर पिवडी आणि गेरू. आधी सगळ्यात फिकट रंगाचा हात. तो सुकल्यावर बारीक ब्रशने, शेजारच्या रेषा बघत बघत, नव्या रेषा ओढायच्या. गडद रेषांसाठी थोडी काजळी, तीही शेवटी, कारण गडद झालेलं पुन्हा फिकट करता येत नाही. रेष चुकली तर स्पिरिटचा हलका बोळा फिरवायचा; खालचं लॅकर सहसा शाबूत राहतं. माझ्या पहिल्या सहा रेषा अशाच पुसल्या गेल्या. शेवटी साध्या चपड्याचे दोन हात. जवळून बघाल तर जोड कळतो, पण दारातून नाही कळत.

आणि हो, इतका देखणा झाला म्हणून हौसेने प्लग लावून बघू नका. व्हॉल्व्हचे जुने सेट जाणत्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सुरू करायचे नाहीत.

जोशात मी उजव्या बटणाशेजारचा झिजलेला डागही रंगवायला घेतला. आजीने माझं मनगट धरलं.

‘तो राहू दे. बातम्या लावताना त्यांचा अंगठा तिथे असायचा.’

ब्रश धुतला. पुण्याचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. रेडिओ कपाटावरच आहे. रुमाल मात्र आता घडी करून खाली ठेवलाय.